स्टॉल किती ठेवायचा

बैल घसरला तेव्हा मी त्याच्या डाव्या अंगाला उभी होते. इंजेक्शन देऊन झालं होतं, सिरिंज हातातच होती. गोठ्यातल्या ओल्या फरशीवर त्याचे मागचे पाय गेले आणि तो सगळाच्या सगळा माझ्या डाव्या गुडघ्यावर बसला. बैलाला काही झालं नाही. मला अंबाजोगाईला नेलं, तिथं ऑपरेशन झालं, आणि टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "चालता येईल. हळूहळू जिनेही चढाल. पण क्लच दाबायचं डोक्यातून काढा. हा गुडघा आता त्या कामाचा राहिला नाही."

मी जनावरांची डॉक्टर. नेकनूरला राहते, आणि चहूबाजूंच्या गावांत, वाड्यांवर, तांड्यांवर जाऊन काम करते. माझा दवाखाना म्हणजे माझी गाडीच. त्यामुळे क्लच दाबायचा नाही हे ऐकल्यावर मला पायापेक्षा कामाचीच चिंता जास्त वाटली. घरी परतताना मागच्या सीटवर पाय लांब करून पडले होते आणि पुढं माझा नवरा प्रत्येक गतिरोधकाला क्लच दाबत होता. प्रत्येक वेळी मी ते मोजल्यासारखं बघत होते.

ही गाडी साधी नव्हती. रुंद नाकाची, लांब डिकीची, मागच्या चाकांवर चालणारी जुनी पांढरी मोटार. तिचं मूळ इंजिन केव्हाच थकलं होतं. माझा नवरा शाळेत विज्ञान शिकवतो आणि उरलेल्या वेळात गाड्यांचा नाद करतो. त्यानं बीडच्या एका उस्तादांच्या गॅरेजात तिला जपानी पेट्रोल इंजिन बसवून घेतलं, परिवहन कार्यालयात रीतसर नोंद करून घेतली, आणि तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून इंजिनाचा कॅमशाफ्टही बदलला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा कधी आणि किती वेळ उघडायच्या हे ठरवणारा दांडा. तो बदलल्यावर इंजिन वरच्या फेऱ्यांत असा जोर धरायचं की समोरचा रस्ता अंगावर आल्यासारखा वाटे. पण उभ्या जागी मात्र ते थडथडायचं, दम लागलेल्या माणसासारखं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. डिकीत औषधांची पेटी, कृत्रिम रेतनासाठी लागणारं द्रव नायट्रोजनचं कॅन, दोऱ्या, बादल्या, सगळं मावायचं, आणि कच्च्या वाटेवर पोट घासत नव्हतं.

"नवी ऑटोमॅटिक घे," असं सगळ्यांनी सांगितलं. भावानं, नणंदेनं, अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या नर्सनंसुद्धा. मी एक चालवूनही पाहिली. छान होती, पण डिकीत माझं कॅन उभं राहत नव्हतं आणि पोट जमिनीला टेकल्यासारखं होतं. खरं सांगायचं तर मला दुसरी गाडी नकोच होती. इतकी वर्षं त्या इंजिनाचा आवाज ऐकत मी रस्ते काढले होते.

"हिलाच ऑटोमॅटिक करू," नवरा एके दिवशी जेवताना म्हणाला. "त्याच इंजिनाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो. भंगारात निघालेल्या बाहेरच्या गाड्यांचा."

"उस्तादांनी असलं कधी केलंय का?"

"नाही. त्यांनाच विचारलं. म्हणाले, केलं नाही, पण करून बघू."

उस्ताद आमच्याच वयाचे. वडिलांपासून चालत आलेलं गॅरेज, बीडच्या बसस्थानकापासून थोडं आत. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की मोकळं बोलणारा. मला ते भाभी म्हणतात आणि नवऱ्याला सर. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पायाखाली टायर ठेवला आणि म्हणाले, "भाभी, खोटं न्हाई सांगत. गिअरबॉक्स बसवता येतो मला. पन त्याच्या पुढं जो डबा असतो ना, कन्व्हर्टर, त्याचं गणित मी कधी केलं न्हाई. ते आपन तिघं मिळून शिकू."

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. क्लचच्या जागी तेलानं भरलेला एक गोल डबा. आत दोन पंखे, समोरासमोर. एक इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मध्ये फक्त तेल. इंजिनाचा पंखा फिरतो, तेल ढकलतो, आणि त्या तेलाच्या जोरावर दुसरा पंखा फिरतो. गाडी उभी असताना दुसरा पंखा थांबलेला राहतो, तरी इंजिन बंद पडत नाही, कारण तेल आपलं नुसतं घुसळत राहतं. आणि दुसरा पंखा ब्रेकनं धरून ठेवून पहिला जोरात फिरवला, तर एका ठरावीक फेऱ्यांच्या पुढं इंजिन जाऊच शकत नाही. ती मर्यादा म्हणजे स्टॉल स्पीड.

"स्टॉल म्हणजे गाडी बंद पडणं ना?" मी विचारलं.

"ते येगळं," उस्ताद म्हणाले.

"आणि समोर सीताफळांचा स्टॉल आहे तो?"

"तो तिसरा," असं म्हणून नवरा हसला. त्यानंतर घरात हा शब्द निघाला की आम्ही आधी विचारायचो, कुठला स्टॉल?

गिअरबॉक्स आला तो त्याच्या मूळच्या कन्व्हर्टरसकट. कारखान्यातून निघालेला, साध्या घरगुती गाडीसाठी बनवलेला, मिनिटाला अठराशे फेऱ्यांच्या आसपासचा स्टॉल. उस्तादांनी तोच बसवला. डावीकडचं पेडल गेलं. फक्त दोन पेडल उरली, त्यातलं ब्रेकचं चांगलं रुंद. मी पहिल्यांदा सीटवर बसले आणि डावा पाय नुसता बाजूला ठेवला तेव्हा आधी स्टेअरिंगवरून एकदा हात फिरवला. इतके महिने मी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून जात होते, नवऱ्याच्या शाळेच्या वेळा सांभाळत होते, आणि लांबच्या गावाहून फोन आला की "बघते हं" म्हणून ठेवून देत होते.

पण गाडीला तो कन्व्हर्टर मानवला नाही. गिअर टाकला की इंजिनावर लगेच ओढ यायची, आणि आमचं बदललेलं इंजिन खालच्या फेऱ्यांत तसंही अशक्त. ते थडथडायचं, खोकायचं आणि बंद पडायचं. बंद पडलं नाही तर ब्रेकला न जुमानता पुढं सरकायचं. उस्तादांनी उभ्या जागच्या फेऱ्या वाढवून दिल्या, तर ते सरकणं आणखी वाढलं.

एका बाजारच्या दिवशी मी गावातून उतारानं येत होते. शेजारी नवरा होता. पुढं गतिरोधक, त्यापुढं माणसांची गर्दी. मी ब्रेक दाबला, इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं. इंजिन गेलं की ब्रेकला मिळणारी मदतही जाते. बंद पडल्यावर एक-दोन दाब कसेबसे लागले, आणि मग पेडल दगडासारखं झालं. गाडी आपल्या वजनानं उतरत राहिली. नवऱ्यानं हँडब्रेक ओढला, मी दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि स्टेअरिंग डावीकडं वळवलं. एका बांधकामासमोर वाळूचा ढीग होता. गाडीचं नाक त्यात हळूच रुतलं आणि ती थांबली. कुणालाही काही लागलं नाही. एक बाई टोपलीतली कोथिंबीर सावरत म्हणाली, "डॉक्टरीणबाई, वाळू तपासाया आल्ताव का?" लोक हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र आधी उस्तादांना फोन लावला.

उस्ताद दुसऱ्याच दिवशी स्वतः आले. बंपरमधली वाळू झटकत म्हणाले, "हा डबा लई घट्ट हाय आपल्या इंजिनाला. ढिला पायजे." संभाजीनगरला त्यांच्या ओळखीचा एक माणूस मोकळ्या मैदानावर गाड्या पळवायचा. त्याच्याकडं एक ढिला कन्व्हर्टर पडून होता, तीन हजारांच्या वरचा. "चार दिवस लावून बघू," उस्ताद म्हणाले. "पन सर, तेल तापंल, ह्याची मला भीती हाय." म्हणून त्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारा एक काटा डॅशबोर्डवर बसवून दिला.

नवरा खूश होता. त्यानं कितीतरी व्हिडिओ पाहिले होते. जितका स्टॉल जास्त तितकी गाडी जागेवरून उसळते, असं त्यातले सगळे सांगत होते. आणि खरंच, आता गाडी उभी राहायला शांत झाली. गिअरमध्ये ठेवून ब्रेक दाबला तरी इंजिन बंद पडत नव्हतं. ती धडकी गेली. पण निघायचं म्हटलं की वेगळंच. ॲक्सिलरेटर दाबला की आधी इंजिन ओरडायचं, मग जरा वेळानं गाडीला आठवायचं की आपल्याला पुढं जायचंय. बीडच्या चौकात एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "म्याडम, गिअर पडला न्हाई का?"

त्याच दिवशी आम्ही दुपारी बीडहून घरी निघालो. दिवाळी होऊन गेली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे ट्रॅक्टर रस्त्याला लागले होते. मांजरसुंब्याच्या घाटात एका बाजूचं काम चालू होतं, त्यामुळं सगळी वाहनं एकाच बाजूनं. आमच्या पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. त्यांत माणसं, पोतं, भांडी, एक खाट उलटी घातलेली, तिच्या पायाला बांधलेली शेळी. चालण्याच्या वेगानं आम्ही चढत होतो. इंजिन गुरगुरत होतं आणि गाडी जेमतेम सरकत होती. तो सगळा जोर चाकांपर्यंत पोचतच नव्हता, त्या डब्यात तेल घुसळण्यात जात होता. काटा चढत होता.

"थांबवायची का?" मी विचारलं.

"पुढच्या वळणावर," नवरा म्हणाला. पण वळण येईपर्यंत जळक्या तेलाचा वास आला.

आम्ही कडेला घेतलं, बॉनेट उघडलं आणि दगडावर बसलो. खालच्या अंगाला एक म्हातारी सीताफळं घेऊन बसली होती. हंगाम संपत आलेला, फळं लहान पण गोड. आम्ही फळं फोडून खाल्ली, बिया रस्त्यापलीकडं टाकल्या, आणि तेल थंड व्हायची वाट बघत राहिलो. नवऱ्यानं हात रुमालाला पुसले. मग म्हणाला, "व्हिडिओतले लोक घाटात ट्रॅक्टरच्या मागं नसतात."

"नसतात," मी म्हणाले. "अहो, पण घट्ट डबाही नको. मी पुन्हा वाळूत जाणार नाही."

त्या दगडावर बसूनच खरं बोलणं सुरू झालं. अठराशे जमत नाही, तीन हजारही जमत नाही. मधलं काहीतरी हवं. पण मधलं म्हणजे किती? बावीसशे आणि अठ्ठावीसशे दोन्ही मधलेच.

नवऱ्यानं घरी आल्यावर गणित मांडलं. चाकाचा घेर, मागच्या एक्सलचं गुणोत्तर, गिअरबॉक्सचा वरचा गिअर. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर खडूनं लिहीत गेला. मी भाकरी करत होते आणि पिठाचे हात लागून त्याचे आकडे पुसले जात होते. निघालं असं की साधारण ताशी पंचाहत्तरला आमचं इंजिन चोवीसशेच्या आसपास फिरतं. मोठ्या रस्त्यावर माझा वेग तोच. म्हणजे स्टॉल त्याच्या वर गेला तर सरळ रस्त्यावरसुद्धा तो डबा पुरता धरणार नाही, तेल घुसळतच राहील.

"आणि खालची हद्द?" त्यानं विचारलं. "इंजिनाला दम कुठं येतो?"

ते मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी ते इंजिन क्लचवर चालवलं होतं. चिखलातून बाहेर काढताना कुठं ते रडतं आणि कुठं मान वर करतं, हे पायाला माहीत होतं. "दोन हजारांच्या जरा पुढं," मी म्हणाले. "त्याखाली ते काही कामाचं नाही."

"मग अठ्ठावीसशे करू. जरा ढिला असलेला बरा. निघताना मजा येईल."

"मला मजा नको. मला गोठ्यासमोर मागंपुढं करायचंय. गोठ्याच्या दारात इंजिन ओरडलं तर गाय दावं तोडेल."

हे त्याला पटलं. पटल्यावर तो वाद घालत नाही, एवढा गुण त्याच्यात आहे. औषधाच्या बाबतीत मी रोज हेच करते. वासराला द्यायची मात्रा बैलाला पुरत नाही, आणि बैलाची वासराला दिली तर ते उठत नाही. आधी जनावर बघायचं, मग मात्रा.

उस्तादांनी पुण्यातल्या एका कारागिराचा नंबर काढला. हा माणूस जुने कन्व्हर्टर कापून, आतली पाती बदलून, पुन्हा जोडून द्यायचा. आम्ही तिघं गॅरेजात मोबाईलभोवती बसलो. पलीकडं एक जाड चष्म्याचा माणूस, मागं यंत्राचा आवाज. त्यानं एकामागून एक विचारलं. गाडीचं वजन किती, टायर किती, कॅमशाफ्ट कुठला, गाडी रोज कुठं फिरते. घाट म्हटल्यावर तो म्हणाला, "घाट रोजचा?"

"आठवड्यातून बऱ्याचदा," मी सांगितलं. "आणि पुढं ट्रॉली असतेच."

"मग तेवीसशेच्या वर जाऊ नका. पण एक लक्षात घ्या, हा आकडा नुसता डब्याचा नसतो, इंजिनाचाही असतो. हाच डबा मोठ्या ताकदीच्या इंजिनामागं लावला तर सव्वीसशेला धरेल. तुमच्यामागं तेवीसशेला. मी तुमच्या इंजिनाच्या हिशेबानं बनवतो. शंभर इकडंतिकडं होईल, ते गृहीत धरा."

उस्ताद मध्येच म्हणाले, "साहेब, बावीसशेच करा ना. तेलाची मला लई भीती वाटायली."

"बावीसशेला तुमचं इंजिन गिअरमध्ये थडथडेल. तेलासाठी पुढं वेगळा कूलर लावा, चांगला मोठा."

उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. नवऱ्यानंही. दोघांच्याही मनात आपापला आकडा होता, आणि दोघंही थांबले होते. मला वाळूचा ढीग आठवला, आणि घाटातला तो वास. "तेवीसशे," मी म्हणाले. "आणि कूलर."

डबा खाजगी बसच्या पार्सलनं आला, गोणपाटात गुंडाळलेला, आमच्या घरातल्या मोठ्या पातेल्याएवढा. उस्तादांनी तो बसवला, रेडिएटरच्या पुढं कूलर लावला, नवं तेल भरलं. मग गाडी गॅरेजच्या अंगणात उभी केली, चारही चाकांना दगडं लावली, हँडब्रेक ओढला.

"टेस्ट कोन करनार?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"ब्रेक पुरा दाबायचा. मग एका दमात ॲक्सिलरेटर पुरा. फेऱ्यांचा काटा कुठं थांबतो बघायचं आन लगेच पाय काढायचा. जास्त येळ न्हाई, तेल उकळंल."

समोरून सगळ्यांना बाजूला केलं. मी गिअर टाकला. गाडी किंचित दबली, पण इंजिन बंद पडलं नाही. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर हवा, म्हणून ब्रेकवर डावा ठेवावा लागला. गुडघ्याला तेवढा दाब चालेल असं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. मी दाबला. इंजिन गर्जलं, गाडी जागच्या जागी मागच्या चाकांवर ताणली गेली, काटा उठला आणि तेवीसशेच्या जरा पुढं जाऊन जणू भिंतीला टेकला. मी पाय काढला. अंगणात एकदम शांतता झाली, फक्त इंजिनाचा तो ओळखीचा ठेका.

"कितीला थांबला?" उस्ताद ओरडले.

"तेवीसशे पन्नास असेल."

त्यांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "या अल्ला, सुटलो!" नवरा नुसता बॉनेटवर हात ठेवून उभा होता. मी तशीच बसून राहिले. गिअरमध्ये, ब्रेकवर, इंजिन चालू. बंद पडत नव्हतं. खोकत नव्हतं. असं किती वेळ बसले कोण जाणे. उस्तादांच्या घरून चहा आला तेव्हा उतरले.

त्याच आठवड्यात सकाळी फोन आला. घाटाखालच्या एका वाडीवरून. "म्याडम, गाय पहाटंपासून अडलीय. वासराचा एकच पाय दिसायलाय. लई तळमळायली हाय. येता का, न्हाई तर बीडहून कुनाला आनू?"

नवऱ्याची शाळा होती. मी घड्याळाकडं पाहिलं नाही, त्याच्याकडंही विचारायला गेले नाही. "येते," म्हणाले आणि किल्ली घेतली. तो शर्टाची बटणं लावता लावता दारात आला. "एकटी?" एवढंच म्हणाला. मग बाजूला झाला आणि फाटक उघडून दिलं.

घाट उतरताना पहिल्या वळणावर माझे खांदे कानाला लागले होते. पुढं एक ट्रक एकदम थांबला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. इंजिन चालू राहिलं. पेडल मऊच होतं. ट्रक सरकला, मी पाय हलका केला, आणि गाडी न ओरडता, न उसळता पुढं निघाली. पुन्हा थांबले, पुन्हा निघाले. तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आलं की मी खांदे खाली सोडले आहेत आणि वासराचा दुसरा पाय कुठं अडकला असेल याचा विचार करते आहे. गाडीचा विचार करत नाहीये.

वाडीवर पोचले. गाय बाभळीखाली आडवी पडलेली. मला गुडघ्यावर बसता येत नाही, म्हणून घरधन्याच्या आईनं पोती अंथरली आणि मी सरळ आडवी झाले. हात आत घातला. एक पाय पुढं, दुसरा मागं दुमडलेला, डोकं नीट. तो दुमडलेला पाय धरून आत ढकलायचा, मग खुरावर तळहात ठेवून पुढं आणायचा. गाय कण्हत होती, म्हातारी तिच्या कपाळावरून हात फिरवत "आगं बाई, आगं माजी बाई" म्हणत होती. दोनदा हातातून निसटला. तिसऱ्यांदा आला. घरधनी आणि मी मिळून ओढलं, गाईच्या कळेबरोबर, आणि वासरू पोत्यावर आलं, ओलं, गार, न हलणारं. मी त्याच्या नाकातलं साफ केलं, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, बरगड्या चोळल्या. ते शिंकलं. मग मान हलवली. म्हातारी तिथंच बसून रडायला लागली आणि हसायलाही.

"कालवड हाय का गोऱ्हा?" घरधन्यानं विचारलं.

"कालवड," मी म्हणाले, आणि तो इतका हसला की त्याचे सगळे दात दिसले.

परत येताना घाट चढायचा होता. पुढं ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, ठरल्यासारख्याच. मी त्यांच्या मागं लागले. काच खाली केली. तेलाचा काटा थोडा चढला आणि मग जागेवर थांबला, पुढं गेलाच नाही. मी एका हातानं स्टेअरिंग धरलं होतं, दुसऱ्या हातात म्हातारीनं दिलेली भाकरी आणि ठेचा. ट्रॉलीतल्या बायका माझ्याकडं बघून काहीतरी बोलत होत्या आणि हसत होत्या. घाट संपल्यावर रस्ता रुंद झाला. मी ॲक्सिलरेटर दाबला. दोन हजारांच्या पुढं इंजिनानं मान वर केली आणि गाडी ट्रॉल्यांच्या बाजूनं सरळ निघून गेली. मी मोठ्यानं ओरडले, एकटीच, खिडकी उघडी ठेवून.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "जरा मला दे चालवायला. मी पाहिलीच नाही नीट." गल्लीच्या टोकाला वळण आलं, आणि त्यानं सवयीनं डावा पाय क्लचसाठी जोरात दाबला. तिथं क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. गाडी जागेवर थबकली, आम्ही दोघंही पट्ट्यात पुढं झुकलो, डॅशबोर्डवरची घराची किल्ली, पेन, चष्मा, सगळं खाली. इंजिन मात्र चालूच होतं.

"डावा पाय मागं घ्या," मी म्हणाले. "सीटखाली."

त्यानं पाय मागं घेतला. पुढच्या वळणाला पुन्हा तेच केलं. मी त्याला उतरवलं आणि स्वतः बसले.